कोसळणे वेगळे, उतरून उलटणे वेगळे

शिकाऊ वैमानिकाचे विमान शेतात उताणे पडलेले दिसले की 'विमान कोसळले' अशी बातमी होते आणि पुढच्याच ओळीत 'माती मऊ म्हणून जीव वाचला' असे जोडले जाते. ही दोन्ही वाक्ये एकाच गैरसमजातून येतात आणि ती वाचून मी खरोखर कंटाळलो आहे.

कोसळणे सर्वांना ठाऊक आहे: पंखांचा आधार सुटतो, ताबा जातो, विमान पडते. नाइलाजाने शेतात उतरून उलटणाऱ्या विमानावर मात्र चाके टेकेपर्यंत वैमानिकाचा ताबा असतो.

गल्लत होते ती मऊपणाच्या बाबतीत. मऊ माती वरून पडणाऱ्याला झेलते, पण उतरणाऱ्या विमानाचा वेग मुख्यतः पुढच्या दिशेने असतो. सेसना 152 सारखे प्रशिक्षणाचे छोटे विमान ताशी सुमारे 80 किलोमीटर वेगाने टेकते. मराठवाड्यातल्या भारी काळ्या रानात पावसानंतर वाफसा (मशागतीजोगा ओलावा) आलेला नसेल तर चाके रुततात. भार चाकांच्या वर असल्याने धड पुढे झुकते, पुढचे चाक नांगराच्या फाळासारखे मातीत घुसून मोडते, नाकावरचा फिरता पंखा जमिनीत शिरतो आणि विमान पाठीवर पडते. वर वाळलेली खपली आणि आत चिखल असे रान सर्वांत फसवे, कारण आकाशातून ते कोरडेच दिसते. ज्या रानात शेतकरी ट्रॅक्टर घालणार नाही, ते विमानाच्याही कामाचे नाही.

जीव वाचतो तो थांबायला अंतर मिळाल्यामुळे. त्या वेगातून 20 मीटरांत थांबल्यास शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम सव्वापट ताण येतो, एका मीटरात थांबल्यास सुमारे 25 पट.

म्हणून पर्याय असेल तर मी मुरमाड माळच निवडावा असे म्हणेन. नसेलच, तर नांगरटीच्या तासांना (सरींना) समांतर, शक्य तितक्या कमी वेगाने टेकावे, पुढचे चाक जमेल तितका वेळ उचललेले ठेवावे आणि ब्रेक लावू नये. चाके आत घेता येणाऱ्या काही विमानांच्या सूचनांत तर मऊ जमिनीवर चाके आतच ठेवण्यास सांगितलेले असते.

उलटलेल्या विमानात माणूस पट्ट्याला लोंबकळत असतो आणि टाक्यांतून इंधन झिरपत असते. धावून आलेल्यांनी जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नये आणि खांद्यांना खालून भक्कम आधार दिल्यावरच पट्टा सोडावा; घाईत सोडला तर माणूस डोक्यावर आपटून मानेला इजा होते.