पाटीवर दुसऱ्याचा लोगो टाकण्याआधी

ग्राहकहो, सप्रेम नमस्कार.

पाटी, फ्लेक्स किंवा व्हिजिटिंग कार्ड करायला येताना बरेच जण मोबाइलवर फॉरवर्ड होत आलेला लोगो पाठवतात. तळहाताएवढ्या पडद्यावर तो छान दिसतो, आठ फुटी बोर्डावर मात्र फाटतो, म्हणजे धूसर आणि खडबडीत दिसतो. शिवाय तो बऱ्याचदा जुना असतो, नाहीतर मध्येच कुणीतरी रंग बदललेला असतो.

गूगल, मेटा यांच्यासारख्या कंपन्या लोगोची मूळ फाइल आणि वापराची नियमावली स्वतःच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवतात. पैसे लागत नाहीत. मेटाच्याच व्हॉट्सॲपच्या चिन्हाचा रंग किंवा आकार बदलायचा नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे बोर्डाच्या रंगाला जुळावं म्हणून ते भगवं किंवा निळं करून मागितलंत, तर आम्ही नाही म्हणू.

अशा नियमावलीचा उत्तम नमुना म्हणजे 'नासा'ची पुस्तिका. 1975 साली आलेल्या लाल अक्षरांच्या बोधचिन्हासाठी रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांच्या संस्थेने ती केली. लेटरहेडपासून गाड्या-विमानांपर्यंत चिन्ह कुठे, केवढं, कसं बसवायचं ते सगळं त्यात आहे. आज तिची पीडीएफ कुणालाही वाचता येते. जरूर पाहा, डोळे निवतील. पण पुस्तिका वाचायला खुली असली, तरी धंद्यासाठी ते चिन्ह वापरायला नासाची परवानगी लागतेच.

आपल्याकडेही तसंच. एखाद्या कंपनीचा माल मिळतो असं साध्या अक्षरांत लिहिणं वेगळं, आणि तिचा लोगो लावून 'अधिकृत विक्रेते' म्हणवणं वेगळं. लोगो लावायचा असेल, तर आम्ही कंपनीचं पत्र मागतो. व्यापारचिन्ह कायदा 1999 आम्हालाही लागू आहे.

डॉक्टरांना खास विनंती: पांढऱ्यावर लाल क्रॉस मागू नका. ते दवाखान्याचं चिन्ह आहे असा सार्वत्रिक समज आहे, पण जिनिव्हा करार अधिनियम 1960 प्रमाणे ते सरकारच्या परवानगीशिवाय कुणालाच वापरता येत नाही. रणांगणात ते पाहून बंदूक खाली व्हावी, म्हणून ते राखून ठेवलेलं आहे. अशोकस्तंभाची राजमुद्राही खासगी कामावर छापत नाही.

येताना लोगोची पीडीएफ, एसव्हीजी किंवा सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल आणा. सापडली नाही तर कंपनीचं नाव सांगा, आम्ही शोधून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. आणि छापील प्रूफवर, म्हणजे नमुन्यावर, रंग उजेडात बघूनच सही करा.