लेन्स घालून झोपलं तर डोळ्यात नक्की काय होतं?

माझी मावसबहीण नागपूरहून पुण्याला रात्रीच्या स्लीपरने आली, लेन्स डोळ्यातच ठेवून झोपली. पहाटे उतरली तर रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं. घाबरून फोन, "दादा, डोळे गेले का रे माझे?" लेन्स काढून चष्मा लावला तरी तासभर सगळं धुरकट, मग हळूहळू साफ झालं.

बऱ्याच जणांना भीती असते ती लेन्स डोळ्याच्या मागे जाण्याची. ते शक्यच नाही, कारण पापणीच्या आतलं पातळ अस्तर दुमडून डोळ्याच्या पांढऱ्या भागालाच जोडलेलं असतं, मागे जायला वाटच नाही. खरी भानगड ऑक्सिजनची आहे.

शरीरात सगळीकडे ऑक्सिजन रक्तातून पोचतो, पण कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेत, रक्तवाहिन्याच नाहीत, असत्या तर आरपार दिसलंच नसतं. मग ती श्वास घेते थेट हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळलेल्या ऑक्सिजनवर. पापणी मिटली की हा पुरवठा साधारण एक तृतीयांशावर येतो, तोही पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांतून. त्यात वर लेन्स असेल तर पेशी ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज जाळायला लागतात आणि लॅक्टेट तयार होतं, जसं जोरात धावल्यावर स्नायूंमध्ये होतं तसंच. हे लॅक्टेट आतल्या जाड थरात साठतं आणि ऑस्मोसिसने पाणी ओढून घेतं, म्हणजे मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं ना, तेच तत्त्व, फक्त इथे पाणी आत येतं. या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे अगदी मोजून मापून सारख्या अंतरावर असतात म्हणून तो पारदर्शक असतो, पाणी भरलं की ते अंतर बिघडतं. सर्वात आतल्या थरातल्या पेशी सतत पाणी बाहेर उपसत असतात, पण लॅक्टेट जास्त झालं की त्यांचा उपसा कमी पडतो. वरच्या थरातही पेशींच्या मधे पाणी शिरतं, तिथे प्रकाश विखुरतो, बहिणीला दिसलेलं कडं ते हेच. लेन्स न घालताही झोपेत कॉर्निया 3-4 टक्के सुजतोच, जाग आल्यावर उतरतो. जुन्या सॉफ्ट लेन्सने रात्रभरात सूज 10 टक्क्यांच्या वर जायची.

ऑस्ट्रेलियातले संशोधक ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी 1984 साली याचा आकडाच काढला. लेन्समधून ऑक्सिजन किती पार होतो त्याच्या मापात दिवसा वापरायला किमान 24 आणि रात्री घालून झोपायचं तर 87 लागतात. साध्या हायड्रोजेलमध्ये, म्हणजे जुन्या सॉफ्ट लेन्सच्या पाणी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकमध्ये, ऑक्सिजन फक्त पाण्यातून वाट काढतो, त्यामुळे 87 गाठणं जमेचना. मग सिलिकॉन आलं, त्यातून ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी सहज जातो, पण सिलिकॉनला पाण्याचं वावडं, नुसतं वापरलं तर लेन्स डोळ्याला चिकटून बसते. म्हणून दोन्ही जाळी एकमेकांत गुंफली, एकातून ऑक्सिजन, दुसऱ्यातून पाणी आणि क्षार. 1999 साली सिलिकॉन हायड्रोजेल बाजारात आलं आणि काही लेन्स तर 150 च्याही पुढे गेल्या.

सूज आटोक्यात आली, पण इन्फेक्शन? 2008 सालच्या ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत दिवसा सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्यांमध्ये वर्षाला 10,000 मागे साधारण 2 जणांना कॉर्नियाचं इन्फेक्शन झालेलं दिसलं, घालून झोपणाऱ्यांमध्ये जवळपास 20, आणि सिलिकॉनची लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्येही कमी नाही, 25 च्या आसपास. म्हणजे ऑक्सिजनने जंतूंचा प्रश्न सुटला नाही. त्यामुळे "नवीन टेक्नॉलॉजी आहे, बिनधास्त झोपा" म्हणणाऱ्या जाहिरातींवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि डोळ्यात मध किंवा गुलाबपाणी घालायला सांगणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप उपायांवर तर अजिबातच नाही.

नळाच्या पाण्याने लेन्स किंवा डबी कधीच धुवू नका, बाटलीतल्या पाण्यानेही नको. पाण्यातला अकांथामिबा नावाचा सूक्ष्म जीव कॉर्नियात शिरला तर महिनोन्महिने औषधं घालावी लागतात. डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, जाताना ती लेन्स आणि डबी सोबत न्या, त्यातून कोणता जंतू आहे ते तपासता येतं.