वसंत स्थलांतरातील दुर्मिळ पक्षिनोंदी

हिवाळी मुक्कामाहून विणीच्या प्रदेशाकडे परतणारा पक्षी आपल्या नेहमीच्या वाटेबाहेर, नेहमीच्या टापूबाहेर किंवा भलत्याच तारखेला दिसला, तर त्या दर्शनाला दुर्मिळ नोंद म्हणतात. उत्तर गोलार्धात हा काळ साधारण मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंतचा. दुर्मिळपणा इथे जागेचा आणि तारखेचा असतो. जातीची एकूण संख्या कितीही मोठी असू शकते. भोरडी दक्षिण आशियात हिवाळाभर हजारोंच्या थव्यांनी वावरते, पण मे-जूनमध्ये तीच ब्रिटनमधल्या एखाद्या परसात उतरली की दुर्बिणी सरसावतात. काही वर्षी, उदाहरणार्थ २०१८ आणि २०२० मध्ये, भोरड्या आपल्या विणीच्या प्रदेशाच्या बऱ्याच पश्चिमेला पसरल्या आणि त्या ‘दुर्मिळ’ पाहुणीची नोंद ठिकठिकाणी झाली.

शरदातले भरकटणे आणि वसंतातले भरकटणे यांत फरक आहे. शरदातल्या थव्यांत त्याच वर्षी जन्मलेली, वाट कधीच न पाहिलेली पिल्ले मोठ्या संख्येने असतात आणि चुकणाऱ्यांतही त्यांचाच भरणा असतो. वसंतात परततात ते हिवाळ्यातून तगलेले पक्षी. त्यांची संख्या कमी असते आणि त्यांना घाई असते. अनेक जातींत चांगली जागा धरण्यासाठी नर माद्यांच्या आधी पोहोचतात. म्हणून बहुतेक ठिकाणी वसंतातल्या दुर्मिळ नोंदी शरदापेक्षा कमी भरतात, पण त्या अधिक खात्रीच्या असतात. पक्षी विणीच्या पिसाऱ्यात असतो आणि मुख्य म्हणजे गातो. शरदात झुडपात गप्प बसलेला तपकिरी वटवट्या जाणकारांनाही चकवतो. मे महिन्यात तोच गळा मोकळा करून आपली जात सांगून टाकतो. चुकीच्या मुलखात उतरलेला एखादा नर तर जोडीदाराची शक्यता नसतानाही आठवडेच्या आठवडे एकाच झाडावरून गात राहतो.

वसंताचे खास कारण म्हणजे मुक्काम ओलांडून पुढे जाणे. पक्ष्याची दिशा बरोबर असते, पण तो थांबायच्या जागी थांबत नाही. पश्चिम युरोपावर हवेचा दाब जास्त असेल, आकाश निरभ्र असेल आणि दक्षिणेचा उबदार वारा पाठीशी असेल, तर भूमध्य सागराच्या आसपास थांबणारे पक्षी थेट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत जातात. हुदहुद, युरोपीय वेडा राघू, जांभळा बगळा, रातबगळा हे एप्रिल-मेमधले तिथले ठरलेले ‘अनपेक्षित’ पाहुणे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दक्षिणेकडचे काही टॅनेजर आणि वार्बलर हे छोटे रंगीत पक्षी असेच उत्तरेला निघून जातात. यांतले बरेच पक्षी काही दिवसांनी माघारी वळत असावेत.

दुसरे कारण आडवा वारा. रात्री समुद्रावरून उडणारा थवा पाऊस किंवा धुक्यात सापडला की बाजूला रेटला जातो आणि दिसेल त्या जमिनीवर उतरतो. तिसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. शरदात चुकून दुसऱ्याच खंडात पोहोचलेला पक्षी तिथेच हिवाळा काढतो आणि वसंतात उत्तरेकडे निघतो, पण महासागराच्या भलत्याच बाजूने. काही पक्षी वाटेत जहाजावर बसून येतात. ब्रिटनमध्ये वसंतात सापडणाऱ्या उत्तर अमेरिकी चिमण्यांपैकी काहींचा प्रवास असाच झाला असावा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ आणि भरकटणे यांचा संबंध उत्तर अमेरिकेतल्या अनेक दशकांच्या पक्षी-वलयांकनाच्या (पायात क्रमांकाचे कडे घालून पक्षी सोडण्याच्या) नोंदींतून दाखवणारा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तरी रोजच्या व्यवहारात निरीक्षक पाहतात तो हवामानाचा नकाशाच.

हवामानाचा हा परिणाम मेक्सिकोच्या आखातात सर्वांत ठसठशीत दिसतो. युकातान द्वीपकल्पावरून संध्याकाळी निघालेले छोटे पक्षी जवळपास १,००० किलोमीटर पाणी ओलांडून दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा किनारा गाठतात. वारा पाठीशी असला तर ते किनाऱ्यावरून तसेच आत निघून जातात आणि खाली उभ्या माणसाला फारसे काही दिसत नाही. समोरून उत्तरेचा थंड वारा आणि पाऊस आला, की दमलेले शेकडो पक्षी पहिल्याच झाडांवर कोसळल्यासारखे उतरतात. टेक्सासमधील हाय आयलंडची राई यासाठी प्रसिद्ध आहे. निरीक्षकांचा सोन्याचा दिवस बहुधा पक्ष्यांचा वाईट दिवस असतो.

गाजलेली ठिकाणे बहुतेक बेटे किंवा भूशिरे आहेत, कारण तिथे दमलेल्या पक्ष्याला दुसरी जमीन नसते आणि लपायला झुडपेही मोजकीच असतात. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर पक्षी-अभ्यासक हाइनरिख गेट्के १८३७ मध्ये आले आणि त्यांनी तिथल्या पक्ष्यांची अनेक दशके टिपणे ठेवली. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड आणि ऑर्कनी या द्वीपसमूहांमधल्या फेअर आइल बेटावर १९४८ मध्ये पक्षी-वेधशाळा सुरू झाली. आग्नेयेचा वारा आणि पाऊस एकत्र आले की तिथे स्कँडिनेव्हियाकडे निघालेले पक्षी उतरतात. अल्यूशन साखळीतील अट्टू हे बेट अमेरिकेचे असले तरी अलास्काच्या मुख्य भूमीपेक्षा कामचाटकाला जवळ आहे, त्यामुळे पश्चिमेच्या वादळांसोबत तिथे आशियाई पक्षी येतात. कॅनडातील पॉइंट पेली हे ईरी सरोवरात घुसलेले टोक मे महिन्यात वार्बलरांसाठी गजबजते.

नोंद मान्य होण्यासाठी शहानिशा लागते. छायाचित्र, आवाजाचे ध्वनिमुद्रण किंवा जागेवरच लिहिलेले वर्णन तज्ज्ञ समिती तपासते. ब्रिटनची अशी समिती १९५९ पासून काम करते. पाळणाऱ्याने पायात घातलेले कडे, झिजलेली पिसे किंवा माणसाची न वाटणारी भीती दिसली तर पक्षी पिंजऱ्यातून सुटलेला असल्याची शंका घेतली जाते. एवढी कडक छाननी का, याचे उत्तर हेस्टिंग्ज प्रकरणात आहे. १८९२ ते १९३० या काळात या इंग्रज गावाच्या परिसरातून दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी अवाजवी संख्येने आल्या. मारलेल्या त्या पक्ष्यांचे पेंढा भरलेले नमुने संग्राहक मोल देऊन घेत. १९६२ मध्ये त्या नोंदींची संख्याशास्त्रीय तपासणी प्रसिद्ध झाली आणि शेकडो नोंदी बाद ठरल्या. पक्षी खरे होते, पण ते तिथेच मारले गेले यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता.

नोंदी किती मिळतात हे पाहणाऱ्यांवरही अवलंबून असते. सुट्टीच्या दिवशी दुर्मिळ पक्षी जास्त ‘येतात’ ते यामुळेच. एक दुर्मिळ पक्षी सापडला की गर्दी जमते आणि तीच गर्दी आणखी दुर्मिळ पक्षी शोधते, हा समज अ‍ॅरिझोनातील पॅटागोनिया गावाजवळच्या एका विश्रांतिस्थळावरून रूढ झाला. २०२१ मधील एका अभ्यासात मोठ्या नोंदसंग्रहावर तो तपासला, तेव्हा त्याला आधार मिळाला नाही.

गाणाऱ्या नराला जवळ आणण्यासाठी ध्वनिमुद्रित साद वाजवणे मात्र वसंतात टाळलेलेच बरे; वीण करू पाहणाऱ्या दुर्मिळ जोडीची जागा तर जाहीर करतच नाहीत.

भरकटलेले बहुतेक पक्षी पुढची पिढी न वाढवता संपतात, पण अपवादांनी जातींचे नकाशे बदलले आहेत. आफ्रिकेतला गायबगळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचला आणि तिथून उत्तरेला पसरला. मानेवर काळी पट्टी असलेल्या होल्याची ब्रिटनमधली पहिली वीण १९५५ मधली. आज तो तिथल्या बागांत नित्याचा आहे. गायबगळ्याने ब्रिटनमध्ये २००८ साली, तर मोठ्या बगळ्याने २०१२ साली पहिल्यांदा वीण केली. अशी जात नियमित होऊ लागली की समिती तिला तपासणीच्या यादीतून वगळते आणि तिच्या नोंदी स्थानिक पातळीवरच ठेवल्या जातात.