डच जहाजांवरील बहिष्कार (१९४५)

इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या पाठिंब्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत खलाशी आणि गोदी कामगारांनी डच जहाजे अडवून धरली, ती चळवळ. इंडोनेशिया ही डचांची वसाहत. १७ ऑगस्ट १९४५ रोजी तिथले नेते सुकार्नो व हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. डच वसाहतीचे निर्वासित सरकार तेव्हा ब्रिस्बेनजवळ होते. इंडोनेशियाचे मुख्य बेट जावा परत घ्यायला लागणारी सामग्री तिथूनच निघायची होती. सप्टेंबरअखेर इंडोनेशियन खलाशी जहाजांवरून उतरले, गोदी कामगारांनी माल चढवणे थांबवले. सिडनी, मेलबर्न आणि फ्रीमँटललाही बहिष्कार पसरला. लहानमोठ्या मिळून साडेपाचशेहून अधिक नौकांना त्याची झळ लागली. त्यांत बार्जेस, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, बऱ्याच.

रिकाम्या जागांवर डच कंपन्यांनी हिंदी, म्हणजे भारतीय, खलाशी आणले. हा डाव उलटला. या हिंदी खलाशांनी सिडनीत स्वतःची संघटना उभारली आणि चिनी खलाशांसह बहिष्कारात उतरले.

कोळशाच्या जहाजाचा जीव तळघरात असतो. कोळसेवाला बंकरातून कोळसा ओढून आणतो, आगवाला तो भट्टीत मारतो, राख काढतो. चार-चार तासांची पाळी, सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, शब्दावर. गुऱ्हाळ पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळे सांगायला नको: चुलवाणाला जळण घालणारा उठला, की घाणा चालू असूनही काहील थंड पडते. बॉयलर एकदा निवला की पुन्हा वाफ धरायला जवळपास पूर्ण दिवस जातो. शिवाय धक्क्यावरून निघायला टग, म्हणजे जहाज ओढणारी बोट, हवा, कोळसा भरणारे हात हवेत, दुरुस्तीला बॉयलरमेकर हवेत. यांच्या संघटनाही एकत्र आल्यामुळेच बहिष्कार टिकला.

उणीवही होती. डच सैनिकांनी स्वतः माल चढवून काही जहाजे बाहेर काढली. करारावर सही केलेल्या खलाशाने जहाज सोडणे हा गुन्हा, आणि गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियात त्याला राहायचाही हक्क नव्हता. म्हणून अटक, तुरुंग आणि परत पाठवणी त्याच्याच वाट्याला आली. सर्वांत कमी पगाराच्या माणसाने सर्वांत मोठी किंमत मोजली, हे या चळवळीच्या वर्णनांत फार कमी येते.

कोल्हापूरशी संबंध. १८१२ च्या तहात कोल्हापूरच्या छत्रपतींना मालवण इंग्रजांना द्यावे लागले आणि संस्थानाचा समुद्र सुटला. पुढे आगबोटींवर गेली ती मुख्यतः कोकणची पोरे, घाटमाथ्यावरची पलटणीत. त्यामुळे या लढ्याची दुसरी बाजू इथे जास्त जवळची आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिटिशांनी जावातल्या सुराबाया बंदरात उतरवलेल्या ४९ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन बटालियन होत्या. कोल्हापूर-सातारा भागातून पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आलेली हीच रेजिमेंट. हिंदी खलाशी सिडनीत भट्टी विझवत होते, त्याच दिवसांत हे जवान हुकमाने इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांसमोर उभे होते.

जुलै १९४७ मध्ये डचांनी पुन्हा लष्करी मोहीम उघडताच ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी बहिष्कार नव्याने पुकारला. डचांनी सार्वभौमत्व सोडले ते २७ डिसेंबर १९४९ रोजी.