‘सगळं निघालं न्हवं डॉक्टर?’

फुफ्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आटोपून सर्जन बाहेर आले की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सगळं निघालं न्हवं डॉक्टर?’ उत्तरही बहुतेकदा एकाच घाटाचं : ‘दिसत होतं ते सगळं काढलंय.’ नातेवाइकांच्या कानात ‘सगळं काढलंय’ एवढंच शिरतं. डॉक्टरांचा भर मात्र ‘दिसत होतं’वर असतो. त्या दोन शब्दांमागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

मुळात छाती उघडणं हाच जिवाशी खेळ होता. फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. बरगड्यांमधून चीर दिली की हवा आत घुसते आणि फुफ्फुस फुटक्या फुग्यासारखं मिटतं. 1904च्या सुमारास जर्मनीत साउअरब्रुख या सर्जननी यावर अजब तोड काढली. कमी दाबाची एक खोलीच बांधली. रोग्याचं धड आणि सर्जन आत, रोग्याचं डोकं बाहेर. पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा द्यायचं तंत्र बसलं आणि खोलीची गरज संपली. छातीतून निघून पाण्याच्या बाटलीत बुडणारी नळी मात्र आजही पेशंटच्या कॉटखाली दिसते. श्वासासरशी तिच्यातलं पाणी वर-खाली होतं, खोकल्याबरोबर बुडबुडे येतात. रात्रपाळीला बसलेला मुलगा बापाच्या चेहऱ्यापेक्षा त्या बाटलीकडेच जास्त बघत असतो.

5 एप्रिल 1933 रोजी अमेरिकेत सेंट लुइसला एव्हर्ट्स ग्रॅहम या सर्जननी जेम्स गिलमोर नावाच्या 48 वर्षांच्या डॉक्टरचं डावं फुफ्फुस एकाच बैठकीत पूर्ण काढलं. बेत फुफ्फुसाचा फक्त एक कप्पा काढायचा होता. छाती उघडल्यावर रोग त्यापलीकडे गेलेला दिसला आणि निर्णय टेबलावरच फिरला. रिकामी झालेली पोकळी आक्रसावी म्हणून काही बरगड्याही काढल्या. ही युक्ती क्षयरोगाच्या शस्त्रक्रियेतली. त्या काळी छातीचे सर्जन घडले ते क्षयावरच. आपल्याकडे मिशन रुग्णालय उभारणाऱ्या वॉन्लेस डॉक्टरांच्या मिरजेजवळ वॉन्लेसवाडीला क्षयाचं मोठं रुग्णालय उभं राहिलं, ते याच युगात.

गिलमोर त्यानंतर तीस वर्षं जगले, रोग उलटला नाही. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढणारे. तंबाखूचा संबंध त्यांना आधी पटत नव्हता; मग 1950मध्ये अर्न्स्ट वाइंडर या तरुणाबरोबर त्यांनी स्वतःच त्यावर निबंध लिहिला. त्याच वर्षी इंग्लंडात डॉल आणि हिल या संशोधकांनीही तेच दाखवलं. ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. 1957मध्ये ते फुफ्फुसाच्याच कर्करोगाने गेले. पेशंट त्यांच्यामागे सहा वर्षं जगला.

आता कोल्हापूर. बिडीच्या तंबाखूची निपाणी इथून 40 किलोमीटरवर. शिवाय फौंड्रीची धूळ. लोखंडाच्या ओतकामात राबताना येणारा संपर्क आणि हवेतली सिलिका (वाळूची बारीक धूळ), दोन्ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाची नक्की कारणं मानलेल्यांत आहेत. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत साचे फोडणाऱ्या कामगाराला हे क्वचितच कुणी सांगितलेलं असतं. आणि कधीही बिडी न ओढलेल्या बायकांनाही हा रोग होतो, त्यामुळे ‘व्यसन नाही, म्हणजे ते नसणार’ हा हिशेब चुकतो.

त्याहून मोठी चूक निदानातली. एक्स-रेवर डाग, खोकला, वजन उतरलेलं; थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी टीबीचं औषध सुरू. आपल्याकडे टीबी इतका आहे की हा अंदाज वेडगळ म्हणता येत नाही. पण दोन-तीन महिन्यांत डाग हलला नाही तर बायोप्सी व्हायला हवी, ती राहून जाते. ऑपरेशनजोगी गाठ त्या महिन्यांत ऑपरेशनच्या पलीकडे जाऊ शकते.

परत सर्जनकडे. गिलमोरनंतर बरीच वर्षं पूर्ण फुफ्फुस काढणं हाच धर्म मानला गेला. जास्त काढलं म्हणजे रोग कमी उलटेल, असा सरळ हिशेब. पण एका फुफ्फुसावर जिना चढताना माणसाला धाप लागते, हेही दिसत होतं. 1950 नंतर हळूहळू कप्पा काढण्यावर, म्हणजे लोबेक्टमीवर, एकमत झालं. उजवीकडे तीन कप्पे, डावीकडे दोन. गाठ ज्यात असेल तो कप्पा आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी. अजून कमी काढलं तर? 1995च्या अमेरिकी अभ्यासाने उत्तर दिलं : तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीतही कप्प्याऐवजी तुकडा काढला तर त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण तिप्पट. विषय तिथे मिटला असं वाटलं.

2022मध्ये जपानी सर्जनांनी तो पुन्हा उकरला. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींचे 1106 रुग्ण. निम्म्यांचा कप्पा काढला, निम्म्यांचा त्यातला फक्त एक भाग. भागवाल्यांत त्या परिसरात रोग परतला 10.5 टक्क्यांत, कप्पावाल्यांत 5.4 टक्क्यांत. तरीही पाच वर्षांनी जिवंत होते अनुक्रमे 94.3 आणि 91.1 टक्के. म्हणजे उलटलं जास्त, मेले कमी! कप्पावाल्यांत दुसऱ्या आजारांनी, दुसऱ्या कर्करोगांनी मृत्यू जास्त झाले. फुफ्फुस शिल्लक असेल तर पुढचं दुखणं आणि पुढचे उपचार सोसता येतात, असा त्याचा एक अर्थ लावतात. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत विचार करायला लावणारी आकडेवारी वाटते, कारण ‘सगळं निघालं न्हवं?’ या प्रश्नाचा पायाच ती हलवते. पुढच्या वर्षी अमेरिकी पुढाकाराने झालेल्या 697 रुग्णांच्या चाचणीनेही छोट्या गाठींसाठी कमी कापणं चालतं असंच दाखवलं. हे सगळं छोट्या गाठींचं, ग्रंथी स्वच्छ असतील तरचं. आपल्याकडे बरेच पेशंट पोचतात तेव्हा गाठ लिंबाएवढी किंवा मोठीच असते.

रोग उलटतो तो पुष्कळदा कापलेल्या जागी नव्हेच. मेंदूत, हाडांत, यकृतात, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत, दुसऱ्या फुफ्फुसात. ऑपरेशनच्या आधीच काही पेशी रक्तातून निघून गेलेल्या असतात. म्हणून सुरीच्या जोडीला औषध आलं. 2004 ते 2008च्या अभ्यासांत ऑपरेशननंतरच्या केमोने पाच वर्षांच्या जगण्यात चार-पाच टक्क्यांची भर पडली. एवढ्यासाठी एवढा त्रास का, असं पेशंट विचारतात आणि ते विचारणं रास्त आहे. अलीकडे गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असेल तर ऑसिमर्टिनिबची गोळी देतात. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या (स्टेजच्या) रुग्णांसकट झालेल्या चाचणीत पाच वर्षांनी 88 टक्के हयात होते, गोळीविना 78. हा बदल आशियाई लोकांत, त्यातही धूम्रपान न करणाऱ्या बायकांत, जास्त आढळतो. म्हणून काढलेल्या गाठीची ती तपासणी झाली का, हे विचारून घ्यावं.

उलटण्याचा जोर पहिल्या दोन वर्षांत. त्यामुळे सुरुवातीला दर सहा महिन्यांनी सीटी, मग वर्षातून एकदा. ओपीडीबाहेरच्या बाकावर साडीच्या दुकानाच्या पिशवीत फिल्मा घेऊन बसलेली माणसं यासाठीच येतात. पाच वर्षं उलटली तरी येणं थांबत नाही, कारण उरलेल्या फुफ्फुसात नवी, वेगळीच गाठ होऊ शकते. ती नवी की जुनीच परतलेली, यावर पुढचा सगळा उपचार ठरतो आणि ते ओळखायला जुनी फिल्म नव्या शेजारी लावून बघावी लागते. घर रंगवायला काढताना ती पिशवी रद्दीत जाते, मग डॉक्टर विचारतात, ‘मागची फिल्म कुठाय?’ आणि मुलगा बापाकडं बघतो.