ब्लूम, बेंजामिन सॅम्युएल

(२१ फेब्रुवारी १९१३ – १३ सप्टेंबर १९९९). अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ आणि शिकागो विद्यापीठाचे परीक्षक. विद्यार्थी नेमके काय शिकला, हे परीक्षेतून कसे ओळखायचे, या प्रश्नात त्यांनी उभी हयात घालवली. बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाला ‘ब्लूमचे वर्गीकरण’, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांची त्यांनी लावलेली सहा स्तरांची मांडणी, तोंडपाठ असते. ते ज्या रोजच्या कामातून निघाले, ते परीक्षकाचे काम मात्र क्वचितच सांगितले जाते.

ब्लूम यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील लॅन्सफर्ड येथे झाला. पेनसिल्व्हेनिया स्टेटमधून १९३५ मध्ये पदव्या घेतल्यावर ते शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांच्या हाताखाली मूल्यमापनाच्या कामात शिरले. १९४० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या परीक्षा मंडळात आले, १९४२ मध्ये तेथेच डॉक्टरेट मिळवली आणि १९४३ ते १९५९ विद्यापीठ-परीक्षक राहिले.

शिकागोची पद्धत वेगळी होती. १९३१ पासून तेथील कॉलेजात विद्यार्थ्याचे यश सर्वंकष परीक्षेवर ठरे. किती तास वर्गात बसलात याला महत्त्व नव्हते; तयारी झाली की परीक्षा द्यावी. प्रश्न प्राध्यापकांनी एकट्याने काढायचे नसत, त्यात परीक्षा मंडळाचाही हात असे. त्यामुळे ‘या प्रश्नाने तुम्हाला नेमके काय तपासायचे आहे?’ हे प्राध्यापकाला स्पष्ट सांगावेच लागे.

उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर ब्लूम यांचे समाधान नव्हते. लोइस ब्रोडर यांच्याबरोबर त्यांनी केलेला आणि १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही वाचावा असा आहे. परीक्षेतले प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवायचे आणि सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे, अशी रीत. मागे पडणाऱ्या मुलांचे बोलणे ऐकताना लक्षात आले, की पुष्कळदा विषयाची माहिती त्यांच्याजवळ असते. पण ती प्रश्नाला कशी लावायची हे सुचत नाही. प्रश्न वरवर वाचतात, विचार करून उत्तर मिळेल यावर विश्वास नसतो, मग पहिल्या अंदाजावर थांबतात. पुढे ब्लूम यांनी वर्गातले ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांना पुन्हा ऐकवून ‘या क्षणी तुझ्या मनात काय चालले होते?’ असेही विचारले. गुणांच्या आकड्यामागे काय घडते, हे त्यांना विद्यार्थ्याच्याच तोंडून ऐकायचे होते.

वर्गीकरणाची सुरुवात १९४८ ची. बॉस्टन येथे मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनास जमलेल्या कॉलेज-परीक्षकांची अडचण साधी होती : प्रत्येक विद्यापीठ नव्याने प्रश्न काढत बसते, एकमेकांचे चांगले प्रश्न वापरायचे तर ते कशाची परीक्षा घेतात याला सामाईक नावे हवीत. १९५६ मध्ये बोधात्मक क्षेत्राची, म्हणजे बुद्धीने जाणण्या-विचार करण्याच्या उद्दिष्टांची, पुस्तिका निघाली. संपादक ब्लूम, सोबत मॅक्स एंगलहार्ट, एडवर्ड फर्स्ट, वॉकर हिल आणि डेव्हिड क्रॅथवोल. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन असे सहा स्तर त्यात आहेत आणि प्रत्येक स्तराला नमुन्याचे प्रश्न जोडले आहेत. आज भिंतीवर टांगला जाणारा त्रिकोणी मनोरा मात्र त्यात कुठेही नाही. १९६४ मध्ये भावात्मक क्षेत्राचा, म्हणजे आवडी, वृत्ती, मूल्ये यांचा, भाग आला. २००१ च्या सुधारित आवृत्तीत नामांची जागा क्रियापदांनी घेतली आणि ‘निर्मिती’ सर्वांत वर गेली.

पुस्तिकेतली सर्वांत मोलाची सूचना दुर्लक्षित राहिली आहे. प्रश्न कोणत्या स्तराचा, हे त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. विद्यार्थ्याने आधी काय शिकले आहे, त्यावर ठरते. ‘मराठवाड्यातील दुष्काळाच्या कारणांचे विश्लेषण करा’ हा प्रश्न विश्लेषणाचा दिसतो. सरांनी तीच पाच कारणे वहीत उतरवून दिली असतील, तर तो निव्वळ पाठांतराचा प्रश्न आहे.

भारताशी ब्लूम यांचा संबंध थेट आला. १९५७-५८ मध्ये त्यांनी येथे माध्यमिक परीक्षांच्या सुधारणेवर कार्यशाळा घेतल्या. त्या प्रयत्नांतून केंद्रीय परीक्षा विभाग उभा राहिला आणि पुढे एनसीईआरटीत सामावला. आपल्याकडे सहा स्तरांचे ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य असे चार झाले. मराठी अध्यापक महाविद्यालयांत घटक चाचणीसाठी आखला जाणारा संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेचा आराखडा) हा त्याच परंपरेचा : आडव्या रांगांत घटक, उभ्या रकान्यांत उद्दिष्टे, चौकटीत गुण. अभियांत्रिकी शिक्षणात ही भाषा नव्याने आली ती निष्पत्ती-आधारित मानांकनाबरोबर, म्हणजे विद्यार्थ्याला शेवटी काय येते हे पाहून अभ्यासक्रमाला मान्यता देण्याच्या पद्धतीबरोबर. अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाल्यावर तिचा जोर वाढला. प्रश्नपत्रिकेत गुणांशेजारी ‘सीओ’ आणि ‘बीएल’ असे दोन रकाने दिसतात. ‘सीओ’ म्हणजे कोर्स आउटकम, अभ्यासक्रमाची निष्पत्ती; ‘बीएल’ म्हणजे ब्लूम लेव्हल. पुष्कळ ठिकाणी ‘बीएल’चा रकाना ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’ अशी क्रियापदे पाहूनच भरला जातो आणि १९५६ ची ती सूचना बाजूलाच राहते.

परीक्षकाचे पद सोडल्यानंतर ब्लूम यांच्या विचाराने वळण घेतले, आणि ते धाडसाचे होते. शिकणे हे लागणाऱ्या आणि मिळणाऱ्या वेळेवर अवलंबून असते, या मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरल यांच्या १९६३ च्या मांडणीचा आधार घेत १९६८ मध्ये त्यांनी प्रभुत्व अध्ययन मांडले. गुणांचा घंटाकृती वक्र (बहुतेक विद्यार्थी मधे, थोडे दोन्ही टोकांना) ही योगायोगाची खूण आहे. शिकवणे हे हेतुपूर्वक केलेले काम आहे, ते साधले तर निकाल त्या वक्रापासून दूर जायला हवा, असे त्यांचे म्हणणे. म्हणून घटक संपला की छोटी चाचणी घ्यायची, चुकले ते दुसऱ्या रीतीने शिकवायचे, पुन्हा चाचणी घ्यायची. वेळ कमीजास्त लागला तरी चालेल. १९८४ च्या लेखात त्यांनी दाखवले, की प्रभुत्व अध्ययनाबरोबर स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक सहसा आढळला नाही. मात्र घटकानंतरची चाचणी गुण देण्यासाठी नसून पुढचे शिकवणे ठरवण्यासाठी असते, ही त्यांची मांडणी आकारिक मूल्यमापनाच्या रूपाने शाळा-महाविद्यालयांत रुळली.