थाळनेरच्या दरवाजापासून अंदमानपर्यंत : फौजा एकत्र आल्या की हुकूम कोणाचा?

सुटीवर गावी आलेल्या फौजीला विचारा, "सध्या कुठे?" उत्तर बहुधा दुहेरी येतं : "पोस्टिंग अमक्या युनिटात, पण अटॅच तमक्याकडे." काम सांगणारा साहेब एक, आणि बदली, बढती, शिक्षा यांचे कागद दुसरीकडे. यातला कोणता अधिकार कोणाकडे, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या खान्देशाने त्याची एक भीषण बाजू पाहिली आहे.

शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचे ढासळलेले बुरूज आजही उभे आहेत. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची खान्देशातली ठाणी कंपनीकडे गेली. थाळनेरच्या शिबंदीने, म्हणजे किल्ल्यातल्या सैनिकांनी, मात्र किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारीला कंपनीच्या फौजेचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप तिथे पोहोचला. तेव्हा बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांची लष्करं वेगळी, सरसेनापतीही वेगळे. मोहिमेपुरती त्यांतल्या पलटणी एका माणसाखाली देत. हिस्लॉपकडे गव्हर्नर जनरलने राजकीय अधिकारही सोपवले होते. म्हणजे तोफ त्याची आणि वाटाघाटही त्याचीच. आतल्या दरवाजाशी बोलणी चालू असताना दिंडी (मोठ्या दरवाजातला छोटा दरवाजा) उघडली, कंपनीचे काही अधिकारी आत शिरले, झटापट झाली आणि त्यांतले काही मारले गेले. त्यानंतर शिबंदीची सरसकट कत्तल झाली, किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिली गेली. त्यांच्यासाठी दाद मागायला दुसरं कोणी तिथे नव्हतंच. पुढे ब्रिटिश संसदेतही या फाशीवर प्रश्न उठले. हुकूम एका हाती असावा हे मला पटतं. पण त्या हाताला मर्यादा कोण घालणार, हे आधी लिहून ठेवायला हवं, असं थाळनेर वाचताना दर वेळी वाटतं.

तीन इलाख्यांची लष्करं १८९५ साली एक झाली. स्वातंत्र्यानंतर भूदल, नौदल, हवाई दल यांना आपापले प्रमुख मिळाले आणि कायदेही तीन झाले : भूदल व हवाई दलाचे १९५० चे, नौदलाचा १९५७ चा. १९८७ मध्ये श्रीलंकेत भारताची शांतिसेना गेली, तेव्हा पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख दीपिंदर सिंग तिचे एकूण सेनापती होते. पण बाकीच्या दोन दलांवर त्यांची पूर्ण हुकमत बसली नाही. कारगिलमध्ये भूदल मे १९९९ च्या सुरुवातीपासून गुंतलं होतं, हवाई हल्ले सुरू झाले २६ मेला; म्हणजे दोन दलांचा मेळ बसायला वेळ लागला. त्यानंतरच्या चौकशीतून आणि मंत्रिगटाच्या शिफारशींतून २००१ मध्ये अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची पहिली एकत्र कमांड आली. तिन्ही दलांसाठी एकच असलेलं संरक्षण दल प्रमुख हे पद मात्र १ जानेवारी २०२० ला भरलं गेलं.

अंदमानातली अडचण अगदी रोजची होती. कमांडचा प्रमुख नौदलाचा आणि चूक हवाई दलाच्या जवानाची असेल, तर प्रमुखाला कारवाई करता येत नसे. जवानाला त्याच्या मूळ युनिटकडे परत पाठवायचं, साक्षीदार आणि कागद त्याच्या मागे. २०२३ च्या आंतर-सेवा संघटना (एकाहून अधिक दलांची माणसं एकत्र काम करतात अशा संघटना) कायद्याने ही गाठ सोडवली. १० मे २०२४ पासून तो लागू आहे, आणि अशा संघटनेच्या प्रमुखाला हाताखालच्या तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीची कारवाई करता येते. जवानाच्या सेवाशर्ती मात्र अजून त्याच्या मूळ दलाच्याच कायद्याने चालतात.